दमाने उडणारी हंसी

एका जंगलाच्या कडेला एक मोठे, उथळ तळे होते. मुलांनो, हिवाळा लागला की दूर उत्तरेकडून, बर्फाचे डोंगर ओलांडून, हंसांचा एक थवा त्या तळ्यावर उतरत असे. राखाडी अंगाचे आणि पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस थंडीभर तिथले कोवळे गवत खात, काठावर ऊन खात बसत आणि फाल्गुनात वारे फिरले की पुन्हा उत्तरेची वाट धरत. मागे कोणी राहत नसे, कारण मागे राहण्यासारखे तिथे काही उरतच नसे. उन्हाळ्यात गवत करपून जाई, पाणी आत आत सरके, आणि उघड्या पडलेल्या चिखलावरून कोल्हे थेट पाण्यापर्यंत येत.

त्या थव्यात एक हंसी होती. थंडीच्या सुरुवातीलाच एका कोल्ह्याने झडप घालून तिचा पंख धरला. तिच्या जोडीदाराने कोल्ह्याच्या तोंडावर चोची मारमारून तिला सोडवले, पण पंखाचा सांधा दुखावला तो दुखावलाच. त्यानंतर ती तळ्यातल्या बेटावर नुसती बसून राहिली. जखम भरली, गेलेली पिसे पुन्हा आली, पण बसून बसून अंगातले बळ ओसरून गेले. पौष सरल्यावर ती पहिल्यांदा उडाली, तेव्हा बेटापासून काठापर्यंतसुद्धा तिला जाता आले नाही. ती मध्येच पाण्यावर उतरली आणि उरलेले अंतर पोहत गेली.

थव्याचा म्होरक्या हे काठावरून पाहत होता. तो काही वाईट नव्हता, पण सगळ्या थव्याचा भार त्याच्या डोक्यावर होता. तो म्हणाला, "वारे फिरले की आम्ही निघणार. एकासाठी सगळ्यांना थांबवता येत नाही, हे तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे," हंसी म्हणाली.

म्होरक्या गेल्यावर तिचा जोडीदार जवळ सरकला. "तू काळजी करू नकोस. तू नाही आलीस तर मीही जाणार नाही."

त्याने हे मायेनेच म्हटले होते. पण हंसीला वाटले, आपल्या पाठीवर कोणी दगड ठेवला. आता प्रश्न तिच्या एकटीच्या जिवाचा राहिला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून ती उडू लागली, आणि उडायची ती जीव खाऊन. तळ्यात एक वठलेले झाड उभे होते. त्याच्या शेंड्यावर एक ससाणा बसत असे. हंसीला धडपडताना पाहून तो वरूनच ओरडला, "अगं, असं काय जडशीळ उडतेस? छाती फुटेल असं वाटलं पाहिजे, तेव्हा कुठे बळ येतं! माझ्याकडे बघ!" आणि त्याने आकाशातून अशी झेप घेतली की पाण्यावरची बदके चारी वाटा पळाली.

हंसीला ते पटले. रोज सकाळी ती ससाण्याच्या वेगाने पंख मारी. डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत उडे, खाली उतरे, धापा टाके आणि पुन्हा उडे. थव्यातले तरुण हंस शर्यत लावत, तर ती त्यांच्यातही घुसे. तिला वाटे, दिवस थोडे आहेत, एकही वाया जाता कामा नये.

पण झाले उलटेच. ती जितकी जोर करी, तितकी मागे पडे. काल काठ गाठला होता, तर आज काठाच्या अलीकडेच पंख भरून येत. गवत तोंडात घोळत राही, गिळवत नसे. झोप लागे ती तुटक तुटक. सगळे हंस उन्हात माना पाठीवर टाकून निवांत पडलेले असत आणि हिच्या छातीतली धडधड काही केल्या थांबत नसे. पंखाचा सांधा पुन्हा ठणकू लागला.

एके दिवशी तरुण हंसांबरोबर उडताना तिचे पंख अचानक उचलेनासे झाले. ती धाडकन पाण्यात पडली. जोडीदार धावून गेला आणि तिला अंगाने ढकलत ढकलत बेटावर घेऊन आला.

हंसीने ओली मान जमिनीला टेकवली. मग म्हणाली, "मी थकले रे. उडून थकते ते एक वेळ समजू शकते. पण हल्ली सकाळी उठते तीच थकलेली उठते."

हे बोलणे एका म्हाताऱ्या हंसीच्या कानावर पडले. एके काळी हीच थव्याच्या पुढे उडत असे. सगळे तिला आत्या म्हणत. आत्या पाण्यातून बाहेर आली, पिसे झटकली आणि हंसीच्या शेजारी बसली.

"किती दिवस चाललंय हे?" तिने विचारले.

"रोजच, आत्या. एक दिवस चुकवला नाही मी."

"तेच म्हणते. एखादा तरी चुकवायचास." आत्या म्हणाली. "आता चार-आठ दिवस उडायचं नाही. खायचं, पाण्यात डुंबायचं आणि झोपायचं."

"चार-आठ दिवस!" हंसी कळवळली. "आत्या, वारे फिरायला आलेत!"

"वारे त्यांच्या वेळेला फिरतील. तुझं अंग मोडलंय. मोडक्या अंगाला मारून ते सुधारत नाही."

हंसीच्या अंगात वाद घालण्याचेही त्राण नव्हते. ती पडून राहिली. पहिले दिवस तिला स्वतःचाच राग येत होता. मग हळूहळू गवताला चव आली, झोप लागू लागली. एके सकाळी आत्या म्हणाली, "छातीतली धडधड ऐक बरं. कशी आहे?"

हंसीने डोळे मिटून ऐकले. "शांत आहे."

"मग चल. आणि हे रोज करायचं. उठल्या उठल्या आधी ते ऐकायचं. शांत असेल तर उडायचं. काही न करताच पळत असेल, तर कालचा शीण उतरलेला नाही असं समजायचं आणि बसायचं."

दोघी उडाल्या. आत्या इतकी सावकाश उडत होती की हंसीला शरम वाटली. काठावरचा बगळासुद्धा याहून वेगाने गेला असता. थोडे पुढे गेल्यावर आत्याने साद घातली, "कुठवर आलीस गं?"

"हे काय, तुझ्या मागेच!" हंसी म्हणाली.

आत्याने वेग जरा वाढवला आणि पुन्हा साद घातली. या वेळी हंसी म्हणाली, "तुझ्या..." आणि तिला मध्येच श्वास घ्यावा लागला.

"बस, इथेच थांब. आता पंख जरा सैल सोड," आत्या म्हणाली. "पूर्ण उत्तर एका दमात देता येतं, तो तुझा आजचा वेग. उत्तर तुटलं की वेग जास्त झाला असं समजायचं. आपण हंस उडताना सारखे एकमेकांना हाका मारतो, त्या चुकामूक होऊ नये म्हणून असतातच, पण त्यातून दमही कळतो. ज्याचा आवाज तुटायला लागतो, तो पुढे कधीतरी खाली पडतो. मी पुढे उडायचे तेव्हा मागे वळून पाहत नव्हते. नुसती ऐकायचे."

त्या दिवशी दोघी बेटापासून बाभळीच्या बनापर्यंत गेल्या आणि परत आल्या. एवढेच. हंसीला आणखी उडावेसे वाटत होते, पण आत्या पाण्यात उतरून चरायला लागलीसुद्धा.

असे दिवस जाऊ लागले. बाभळीच्या बनापर्यंतची फेरी सोपी झाली, तेव्हा आत्याने ती थोडी लांबवली. मग तळ्याला पूर्ण वळसा, मग तळ्यापलीकडच्या टेकडीपर्यंत. अंतर वाढवले की त्या दिवशी वेग वाढवायचा नाही, आणि वेग वाढवायचा त्या दिवशी अंतर थोडके ठेवायचे. अधूनमधून एखाद्या दिवशी आत्या वाऱ्याच्या तोंडावर उडायला लावी. तेव्हा हंसीचे उत्तर तुटे, धाप लागे, पण ते थोडाच वेळ. त्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र पंख उघडायची बंदी.

हे सगळे ऐकायला सोपे वाटते, मुलांनो, पण हंसीला फार जड गेले. जोराने उडताना निदान आपण काहीतरी करतो आहोत असे तिला वाटायचे. आता डोक्यावरून तरुण हंस सूं सूं करत जायचे आणि ही खाली आत्याच्या मागे रखडत असायची. रोज तीच बाभळ, तीच टेकडी, तीच साद आणि तेच उत्तर. ससाणा झाडावरून म्हणायचा, "काय बाई, फिरायला निघालात का?"

एक दिवस ती उसळून म्हणाली, "आत्या, अशी रमतगमत उडून मी बर्फाचे डोंगर ओलांडणार आहे का? तो ससाणा बघ कसा उडतो!"

"बघते ना. रोजच बघते," आत्या शांतपणे म्हणाली. "एक झेप घेतो, शिकार मिळाली तर खातो आणि दिवसभर त्या झाडावर बसून राहतो. त्याचं पोट एका झेपेवर भरतं, म्हणून तो झेपेचा सराव करतो. तुला सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत पंख हलवत राहायचंय. तुझं काम वेगळं, तुझा सरावही वेगळा."

"मग तुझ्यासारखी उडू?"

"माझ्यासारखीही नको. मी म्हातारी झाले. माझा दम माझा, तुझा तुझा. तुझं उत्तर तुटत नाही तोवर माझ्यापुढे गेलीस तरी चालेल."

हंसी पुन्हा तिच्या मागे उडू लागली. पण नंतर टेकडीवरून परत येताना तिच्या लक्षात आले की आपण आत्याच्या बऱ्याच पुढे आलो आहोत आणि तरी बोलता येते आहे. तिने पंख आवरले आणि म्हातारीला गाठू दिले.

त्या वर्षी वारे लवकर फिरले. एका सकाळी म्होरक्याने सगळ्यांना गोळा केले आणि प्रवासाच्या वेगाने तळ्याभोवती मोठी फेरी मारायला लावली. निघण्याआधी तो असे दरवर्षी करत असे. हंसी मागच्या रांगेत होती. पहिला अर्धा वळसा तिने साद आली की खणखणीत उत्तर दिले. मग उत्तर आखूड झाले. मग नुसता "हो" राहिला. शेवटी साद आली, आणि तिच्या गळ्यातून आवाजच फुटला नाही. पंख चालत होते, पण आवाज नव्हता.

खाली उतरल्यावर जोडीदार म्हणाला, "बघ, फेरी पुरी केलीस की तू! उद्या निघू. कसंतरी जाऊ."

हंसी पाण्याकडे पाहत राहिली. तिला जायचे होते. या तळ्याचा, या बाभळींचा, या रोजच्या फेऱ्यांचा तिला वीट आला होता. तरी ती म्हणाली, "कसंतरी गेले तर कुठेतरी पडेन. आणि मी पडले की तू उतरशील. तू जा. मी नाही येत."

"मी काय करणार ते तुला माहीत आहे," जोडीदार म्हणाला आणि चरायला वळला.

ती आत्याकडे गेली. "आत्या, तूच सांग. येऊ का मी?"

"तुझ्या गळ्याने काय सांगितलं?"

"नको म्हणाला."

आत्याचे डोळे ओलावले. "मला जावं लागेल गं. आता मागे राहिले तर माझ्याच्याने पुढचा पल्ला एकटीने होणार नाही. मला जे येत होतं ते मी तुला दिलंय. आता घाई करून ते घालवू नकोस."

दुसऱ्या दिवशी पहाटे थवा उठला. सगळे आकाश त्यांच्या हाकांनी भरून गेले आणि मग हळूहळू रिकामे झाले. हंसीने मान वर करून पाहिले नाही. त्याच दिवसांत ससाणाही निघून गेला.

आता तळ्यावर दोघेच उरले. ऊन वाढत चालले. सकाळी चोचीला ओले लागणारे गवत दुपारी कुसळासारखे टोचू लागले. पाणी मागे हटले तसे बेटही काठाला जोडले जाऊ लागले, आणि चिखलाच्या पलीकडे एक कोल्हा येऊन बसू लागला. तो काही करत नसे. नुसता बसे. त्याला घाई नव्हती. हंस-हंसी उथळ पाण्यात उभ्याने आळीपाळीने डोळे मिटत.

सराव मात्र चालू होता. आता साद जोडीदार घालायचा. टेकडीच्या पलीकडे, मग त्याही पलीकडच्या कोरड्या ओढ्यापर्यंत. उत्तर तुटेना. पण उन्हाने आणि जागरणाने अंग शिणून जाई.

एका सकाळी हंसीने डोळे मिटून छातीतली धडधड ऐकली. ती पळत होती.

"आज नाही उडायचं," ती म्हणाली.

जोडीदाराचा धीर सुटला. "अगं, पाणी बघ किती मागे गेलंय! तो कोल्हा बघ! आज तर जास्तच उडायला हवं!"

"मलाही तसंच वाटतंय," हंसी म्हणाली. "मागेही असंच वाटलं होतं, आणि मी पाण्यात पडले होते."

तो दिवस तिने बसून काढला. पंख मिटून, कोल्ह्याच्या डोळ्यांसमोर, काहीही न करता. एवढ्या सगळ्या दिवसांत याहून अवघड दिवस तिच्या वाट्याला आला नव्हता. संध्याकाळपर्यंत जोडीदार तिच्याशी बोलला नाही. अंधारून आल्यावर मात्र तो मुकाट्याने तिच्या आणि कोल्ह्याच्या मध्ये येऊन उभा राहिला. दुसऱ्या सकाळी तिची छाती शांत होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दक्षिणेकडून काही हंस आले. दूरच्या कुठल्याशा तळ्यावरून उशिरा निघालेली ती मागची टोळी होती. सगळे दमलेले, धुळीने माखलेले. उरलेसुरले पाणी प्यायला ते खाली उतरले. त्यांच्या पुढे असलेला परका हंस म्हणाला, "पहाटे निघतोय. इथे थांबण्यात अर्थ नाही. येणार असाल तर चला."

"कोणत्या वेगाने जाता?" हंसीने विचारले.

"आमच्यात दोन म्हातारे आहेत. त्यांना झेपेल त्या वेगाने."

हंसीने जोडीदाराकडे पाहिले. या वेळी त्याने ठरवणे तिच्यावरच सोडले होते. "येतो आम्ही," ती म्हणाली.

पहाटे ते उठले. बाभळीचे बन गेले, टेकडी गेली, कोरडा ओढा गेला, आणि मग हंसीने सरावात कधी न गाठलेला मुलूख सुरू झाला. ऊन चढले. समोरून गरम वारा आला. हंस आळीपाळीने पुढे होत आणि वारा अंगावर घेत. हंसीची पाळी आली तेव्हा तीही पुढे झाली. मागून साद आली, "कसं काय?"

"चाललंय, या मागोमाग!" तिने एका दमात उत्तर दिले.

बरेच अंतर ती पुढे राहिली. मग एका सादेला उत्तर देताना तिचा आवाज किंचित अडखळला. तेवढ्यावरूनच ती बाजूला झाली, मागे गेली आणि दुसऱ्याला पुढे येऊ दिले. त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. दुपार कलली. पंख जड झाले, सांधा दुखू लागला, खालची शेते संपता संपेनात. जोडीदार शेजारून सारखा हाक मारत होता, आणि ती दर वेळी, हळू आवाजात का होईना, पूर्ण उत्तर देत होती.

सूर्य टेकायला आला तेव्हा खाली एक रुंद नदी दिसली. नदीच्या मधोमध वाळूचा लांबलचक पट्टा होता आणि भोवती वाहते पाणी. टोळी गोल फिरत खाली आली. हंसीचे पाय वाळूला लागले, तशी ती तिथेच बसली. जोडीदार तिच्याजवळ आला. त्यालाही धाप लागली होती. त्याने काळजीने विचारले, "दमलीस?"

हंसीने मान पाठीवर टाकली. उत्तरेकडे आकाश अजून उजळ होते आणि बर्फाचे डोंगर अजून फार लांब होते.

"दमले," ती म्हणाली. "पण उद्यापुरती उरले आहे."

तात्पर्य : एका दिवसात बळ मिळवू पाहणाऱ्याचे असलेले बळही जाते. लांब जायचे असेल त्याने दुसऱ्याचा वेग पाहू नये. आपल्या श्वासाला पेलेल तेवढेच करावे, ते थोडे थोडे वाढवावे, आणि विसावा हाही सरावाचाच भाग मानावा.